‘हा आजार आहे की माझा आळस?’ : वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञांची उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची किंवा त्यांच्याविषयी काळजी वाटणाऱ्यांची आहेत, म्हणून यावेळी तीन पत्रे त्याच विषयावरची घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून लिहिणाऱ्याची ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

पत्र पहिले

डॉक्टरांना सप्रेम नमस्कार. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव लातूर जिल्ह्यात. वडिलांची चार एकर कोरडवाहू शेती आहे आणि माझ्या फीसाठी त्यांनी बँकेचे कर्ज काढले आहे. बारावीपर्यंत मी वर्गात पहिल्या तिघांत असायचो. दिवाळीची सुट्टी संपवून परत आल्यापासून माझे काहीतरी बिघडले आहे. पहाटे चारला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, पण उजाडल्यावर अंथरुणातून उठवतही नाही. रूम पार्टनर लेक्चरला जातात, मी दुपारपर्यंत कॉटवर पडून असतो. पुस्तकाचे एकच पान पुन्हा पुन्हा वाचले तरी डोक्यात काही शिरत नाही. दोन विषय राहिले आहेत आणि हजेरी कमी असल्यामुळे टर्म ग्रँट होते की नाही, म्हणजे परीक्षेला बसू देतात की नाही, ही धास्ती आहे. रविवारी सकाळी आम्ही क्रिकेट खेळायचो. आता मुले बोलवायला आली की मी झोपेचे सोंग घेतो. घरून फोन आला की सगळे छान चालले आहे असे सांगतो आणि फोन ठेवला की स्वतःची लाज वाटते. वडील उन्हातान्हात राबतात आणि मी इथे लोळतो. कधी कधी वाटते, आपण नसतो तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता. हे डिप्रेशन आहे की मी कामचुकार झालो आहे? डॉक्टरांकडे जायचे तर पैसे किती लागतील? घरी कळवावेच लागेल का?

उत्तर

तुझ्या तीन प्रश्नांकडे वळण्याआधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलणे भाग आहे. आपण नसतो तर खर्च वाचला असता, असे तू लिहिले आहेस. पत्र हाती पडले त्याच दिवशी संपादकांमार्फत तुला व्यक्तिशः उत्तर कळवले आहे. तरीही तेच इथे पुन्हा लिहितो, कारण असे वाटणारा तू एकटाच वाचक नसशील. हा विचार मनात येणे हा गुन्हा नाही, भेकडपणा नाही आणि आई-वडिलांवरचे प्रेम कमी झाल्याची खूणही नाही. मात्र तो वारंवार येऊ लागला, रात्री एकटे असताना जोर धरू लागला किंवा स्वतःला इजा करण्याचा बेत मनात आकार घेऊ लागला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नकोस. शेजारच्या कॉटवरच्या मित्राला उठव आणि ‘मला जगू नये असे वाटते आहे, मला एकट्याला सोडू नको’ एवढेच सांग. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतून उपलब्ध आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो आणि तिथे केवळ जखमी माणसालाच घेतात असे नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. हे पाच आकडी आणि तीन आकडी क्रमांक आज मोबाइलमध्ये जतन करून ठेव, कारण नेमक्या त्या घटकेला ते शोधण्याचे त्राण अंगात नसते.

आता तुझा पहिला प्रश्न. तू वर्णन केलेली लक्षणे वाचून मला डिप्रेशनची, म्हणजे नैराश्याच्या आजाराची, दाट शंका येते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही आणि मी ते करत नाही. पण तू वैद्यकीय सल्ला घ्यायलाच हवास, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. तू पत्रात स्वतःविरुद्ध आळसाचा खटला भरला आहेस, पण त्याच पत्रात तुझ्या बाजूचा पुरावाही तूच दिला आहेस. ज्याला केवळ अभ्यासाचा कंटाळा आला आहे तो लेक्चर बुडवतो. रविवारचे क्रिकेट बुडवत नाही. त्याला पहाटे चारला जाग येत नाही आणि दिवसभर लोळण्यात त्याला सुख वाटते. तुला पडून राहण्यात सुख मिळत नाही, खेळावरचीही इच्छा उडाली आहे, वाचलेले ध्यानात राहत नाही आणि वर दिवसभर स्वतःला दोष देणे चालू आहे. हा स्वतःला दोष देण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अवाजवी अपराधी वाटणे, आपण नालायक आहोत आणि इतरांवर ओझे आहोत असे ठाम वाटू लागणे, हे या आजाराच्या प्रमुख लक्षणांपैकी एक आहे. म्हणून आपण उपचाराला पात्र आहोत की बोलणी खाण्याला, याचा निवाडा सध्या स्वतःच्या मनावर सोपवू नकोस. आत्ता तो निवाडा आजार करतो आहे. माझ्याकडे येणारी कितीतरी मुले केवळ या एका समजुतीपायी सहा-सहा महिने उशिरा येतात. त्यांना आपल्याला त्रास होतो आहे हे कळत असते, पण ‘माझीच चूक आहे, मग डॉक्टर काय करणार’ या विचाराने त्यांचे पाऊल उंबऱ्यावरच अडते.

डॉक्टर हे निदान कशावरून करतात, तेही समजून घे. जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार नऊ लक्षणे पाहिली जातात: मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, भूक किंवा वजन बदलणे, झोप बिघडणे, हालचाली व बोलणे मंदावणे किंवा उलट जिवाची सारखी घालमेल होणे, थकवा, अपराधीपणाची भावना, एकाग्रता न होणे आणि मृत्यूचे विचार येणे. यांपैकी किमान पाच लक्षणे, ज्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असायलाच हवे, दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, अशी किमान दोन आठवडे टिकली आणि त्यामुळे रोजचे जगणे अडू लागले, तर तो आजार मानला जातो. पेपर अवघड गेल्यावर किंवा कुणाशी भांडण झाल्यावर चार दिवस मन उतरते ते यात धरत नाहीत. तुझे दुखणे दिवाळीपासूनचे आहे आणि आता महाशिवरात्र होऊन गेली. पहाटे फार लवकर जाग येणे, सकाळी सर्वांत वाईट वाटणे आणि संध्याकाळकडे थोडी हुशारी येणे, असा क्रम तुझ्याही बाबतीत असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांग.

असे का झाले, याचे एका वाक्यात उत्तर देणारे लोक तुला भेटतील. कुणी म्हणेल मेंदूतले एक रसायन कमी झाले, कुणी म्हणेल मोबाइल फार झाला, गावाकडे कुणी बाहेरची बाधाही म्हणेल. आनुवंशिकता, लहानपणापासूनचे अनुभव, घर सोडून शहरात येणे, पैशाचा ताण, अपुरी झोप, शरीरातले काही आजार आणि व्यसने अशा अनेक गोष्टी एकत्र येऊन हा आजार होतो, आणि त्यात कुणाचा वाटा किती हे बोट दाखवून सांगता येत नाही. उपचारासाठी ते सांगता येण्याची गरजही नसते. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असे दिसून आले. आजार बरा होण्यासारखा असताना एवढी माणसे तो तसाच अंगावर काढतात, ही गोष्ट मला अतिशय अस्वस्थ करते.

पुण्यात तुला जायला जागा आहेत. ससून सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. येरवडा हे नाव ऐकून दचकू नकोस. तिथे सकाळी दाखवून, गोळ्या घेऊन दुपारी कामाला जाणारी पुष्कळ माणसे आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत, आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपरला नाममात्र पैसे पडतात. गावी गेलास तर लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ उपलब्ध असतात. खासगी दवाखान्याची फी परवडत नाही म्हणून उपचार अडवून धरू नकोस. औषधे देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाला, म्हणजे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरला असतो, आणि बोलण्यातून करायचे उपचार प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ करतात. समाजमाध्यमांवर स्वतःला ‘माइंड कोच’ म्हणवून घेऊन हजारोंची पॅकेजेस विकणाऱ्यांपासून दूर राहा. समोरच्या माणसाची पदवी आणि नोंदणी विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी वहीच्या एका पानावर पाच-सहा ओळी लिहून ठेव: त्रास कधीपासून आहे, झोप किती वाजता लागते आणि कधी मोडते, जेवण किती जाते, वजन उतरले का, तंबाखू, सिगारेट, दारू यांपैकी काय आणि किती, आणि घरात पूर्वी कुणाला मानसिक आजार झाला होता का. ही चिठ्ठी मी मुद्दाम सांगतो आहे. सरकारी ओपीडीत सकाळी गर्दी असते, आधी केसपेपरच्या खिडकीची रांग, मग विभागाबाहेरच्या बाकड्यावर नंबर येण्याची वाट पाहणे, आणि नंबर लागला की घसा कोरडा पडून ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ एवढे एकच वाक्य तोंडून निघते. तेव्हा चिठ्ठी सरळ डॉक्टरांच्या हातात दे. एखाद्या रूम पार्टनरला बरोबर ने. चार महिने तो तुला पाहतो आहे, तुझ्या नजरेतून सुटलेले बरेच काही त्याच्या लक्षात आले असेल. प्रथम एक तरुण निवासी डॉक्टर सविस्तर विचारपूस करतील. पूर्वी कधी याच्या अगदी उलट, म्हणजे झोप न घेताही प्रचंड उत्साह, भरमसाट बोलणे, बेफाम खर्च असे दिवस गेले होते का, हे ते विचारतील, कारण तसे असेल तर आजार वेगळा ठरतो आणि औषधेही बदलतात. मरणाचे विचार येतात का, हेही विचारतील. तिथे खरे उत्तर दे. तसे सांगितले म्हणून तुला कुणी डांबून ठेवणार नाही. तुझ्या सुरक्षिततेसाठी काय करावे लागेल हे त्यावरूनच ठरते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा काही रक्ततपासण्या सांगितल्या तर त्या करून घे, कारण त्यांतल्या कमतरतेनेही असाच थकवा आणि उदासी येऊ शकते.

आजार सौम्य असेल तर केवळ समुपदेशनावर किंवा बोलण्यातून करायच्या मानसोपचारावर भागते; मध्यम किंवा तीव्र असेल तर बहुधा गोळ्याही सुचवल्या जातात. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही त्यांतली नेहमीची नावे. ही औषधे डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे आणि पुरता फरक पडायला सहा-आठ आठवडेही लागतात. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, डोके जड होणे, पोट बिघडणे असे त्रास आधी दिसतात आणि नेमके तेव्हाच अनेक जण गोळ्या खिडकीतून फेकून देतात. पंचविशीच्या आतल्या काही रुग्णांत औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सुरुवातीच्या काळात अस्वस्थता आणि आत्मघाताचे विचार वाढल्याचे आढळले आहे, म्हणून त्या दिवसांत कुणीतरी जवळ असावे आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा दाखवायला जावेच. तसे काही वाटले तर गोळी परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

मानसोपचारात तुला कदाचित एक गोष्ट सुरुवातीलाच करायला सांगतील, ती इथेही सांगतो. बरे वाटले की उठेन, मूड आला की वाचेन, असे म्हणत राहिलास तर ती घडी येत नाही. या आजारात कृती आधी करावी लागते आणि वाटणे मागून येते. सध्या सहा तास अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवू नकोस, ते पाळले जाणार नाही आणि त्याचेही खापर तू स्वतःवरच फोडशील. सकाळी आठच्या आत आंघोळ, चहाच्या टपरीपर्यंत चालत जाऊन उन्हात दहा मिनिटे बसणे आणि दिवसातले एखादेच लेक्चर, एवढेच पहिल्या आठवड्यासाठी पुरे. रविवारी खेळायला जमले नाही तरी मैदानाच्या कडेला जाऊन बस.

कॉलेजचे म्हणशील, तर तुमच्या जीएफएमना (विद्यार्थ्यांचे पालक-शिक्षक) किंवा विश्वास वाटेल अशा एका शिक्षकाला भेटून ‘माझ्यावर वैद्यकीय उपचार चालू आहेत’ एवढे सांग आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र दे. हजेरी आणि टर्मबाबत तोडगा निघणे हे महिन्याअखेरीस पाय धरण्यापेक्षा आज बोलण्याने अधिक शक्य असते. एखादे वर्ष वायडी झाले, म्हणजे वाया गेले, तरी ते भरून निघते. उपचार न घेता गेलेली दोन वर्षे भरून काढणे त्याहून कठीण असते, हे मी कित्येक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणे बंधनकारक आहे, आणि टेलिमानससारखे मदत क्रमांक वसतिगृहात व वर्गात ठळक लावायचे आहेत. तुझ्या कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना भेट. काही ठिकाणी ही खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून असते आणि आत जाणारा प्रत्येक विद्यार्थी साऱ्या ऑफिसला दिसतो. अशाने तिथे कुणी फिरकत नाही, ही गोष्ट महाविद्यालय चालवणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवी.

आता घरचे. तू सज्ञान आहेस, त्यामुळे उपचार घेण्यासाठी कायद्याने कुणाच्याही संमतीची गरज नाही, आणि तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असल्यासारखे अपवाद सोडले तर डॉक्टर तुझी माहिती कुणालाही देऊ शकत नाहीत. तरीही घरी सांगावे, असे माझे मत आहे. रोजच्या फोनवर खोटे बोलण्याचा ताण किती आहे, हे तूच लिहिले आहेस. डिप्रेशन या शब्दापासून सुरुवात करायलाच हवी असे नाही. ‘आण्णा, चार महिने झाले, माझी झोप उडालीये, जेवण जात नाही, अभ्यास डोक्यात बसत नाही. सरकारी दवाखान्यात दाखवलंय. डॉक्टर म्हणाले बरं होतं, पण काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील,’ एवढे बोललास तरी त्यात खोटे काहीच नाही आणि ते त्यांना कळेल. आधी आईला किंवा मोठ्या बहिणीला सांगणे सोपे वाटत असेल तर तसे कर. घरचे एखाद्या देवस्थानाला किंवा देवऋषाकडे चल म्हणाले तर त्यावरून वाद घालण्यात शक्ती घालवू नकोस. दर्शनाला जा, पण औषध आणि तारीख चुकवायची नाही, एवढ्या अटीवर ठाम राहा.

पत्र दुसरे

मी पुण्यात नवी पेठेत खानावळ चालवते. शिकणाऱ्या मुलांचे डबे असतात. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा दोन वर्षांपासून आमच्याकडे जेवतो. पूर्वी समोर बसून जेवायचा, भाकरी आणखी मागायचा, ठेचा झणझणीत झाला की मुद्दाम सांगायला यायचा. दीड-दोन महिने झाले, डबा खोलीवर मागवतो आणि संध्याकाळी तो अर्धा तसाच परत येतो. कधी तर झाकणही उघडलेले नसते. दाढी वाढली आहे, कपडे तेच तेच असतात. विचारले तर ‘काही नाही मावशी’ म्हणतो. पैसे मात्र वेळेवर देतो. मी परकी बाई, मी काय बोलावे?

उत्तर

ताई, परत आलेल्या डब्याचे झाकण उघडलेले नाही, हे ज्या माणसाच्या ध्यानात येते ते परके नसते. घरापासून लांब राहणाऱ्या मुलाचे जेवण कमी झाले, हे त्याच्या आई-वडिलांना फोनवरून कळत नाही आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकांनाही दिसत नाही. तुम्हाला ते दिसले आहे, म्हणून बोलण्याचा अधिकार तुम्हालाच अधिक आहे.

‘कसा आहेस’ असे विचारले की ‘बरा आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी तुम्ही जे पाहिले ते सांगा. गर्दी ओसरल्यावर, दुसरी मुले नसताना त्याला बोलवा आणि म्हणा, ‘बाळा, महिनाभर तुझा डबा तसाच परत येतोय. तू आधी असा नव्हतास. मला काळजी वाटते, झोप तरी लागते का?’ एवढे विचारून थांबा. तो गप्प राहिला तर ती शांतता भरून काढण्याची घाई करू नका. पहिल्या वेळी तो काहीच बोलला नाही तरी तुमचे विचारणे वाया जात नाही. आठवड्याने पुन्हा विचारा. मात्र तो बोलू लागला की ‘तुला काय कमी आहे’, ‘आई-बापाकडे बघ’, ‘जरा मन रमव’ ही वाक्ये टाळा. ती मायेपोटी येतात हे मला ठाऊक आहे, पण आधीच स्वतःला दोष देणाऱ्या मुलाच्या कानावर ती आणखी एक दोष म्हणून पडतात.

एक प्रश्न तुम्हाला जड जाईल, तरीही विचारा: ‘जीव नकोसा झालाय, असं मनात येतं का रे?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती फार पसरलेली आहे. संशोधनातून तसे दिसलेले नाही. उलट कुणीतरी स्पष्ट विचारले याने मुलांना सुटल्यासारखे वाटते. तो हो म्हणाला तर त्याला एकटे ठेवू नका, त्याच्या खोलीतल्या मुलांना आणि घरच्यांना बोलावून घ्या, १४४१६ वर फोन लावून त्याच्या हातात द्या आणि गरज वाटली तर सरळ मोठ्या रुग्णालयात घेऊन जा. ‘कुणाला सांगू नका’ अशी त्याने घातलेली शपथ अशा वेळी पाळायची नसते. तो नाही म्हणाला तरी ससूनला बरोबर येण्याची तयारी दाखवा. दवाखान्याचा पत्ता हातात देण्यापेक्षा ‘मंगळवारी सकाळचे डबे गेले की मी तुझ्याबरोबर येते’ हे वाक्य पुष्कळ काम करते. खानावळीत जिथे मेनूची पाटी लावता, तिथेच १४४१६ हा क्रमांक खडूने लिहून ठेवलात तर ज्याने तोंड उघडले नाही, त्याच्याही तो नजरेस पडेल.

पत्र तिसरे

मी म्हापशाची, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवले, डिप्रेशन सांगितले, पाच आठवडे गोळी चालू आहे. आता मला खूपच बरे वाटते. मैत्रीण म्हणते, या गोळ्यांची सवय लागते, आताच सोड. शिवाय हे कुठे नोंदले जाऊन पुढे नोकरीच्या आड येईल का?

उत्तर

तू स्वतः जाऊन दाखवलेस आणि पाच आठवडे न चुकता गोळी घेतलीस, याबद्दल तुझे मनापासून कौतुक. बरे वाटू लागले ते औषध लागू पडले म्हणून. ते आज बंद केलेस तर आजार उलटण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्यांदाच झालेल्या आजारात साधारणपणे पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात आणि नंतर मात्रा हळूहळू उतरवतात. दारू-तंबाखूची लागते तशी तलफ या गोळ्यांची लागत नाही आणि मात्रा वाढवत न्यावी लागते असेही होत नाही. एकदम बंद केल्यास मात्र चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या, विचित्र स्वप्ने असा त्रास काही दिवस होऊ शकतो. मैत्रिणीने कुणाच्या तरी बाबतीत हेच पाहिले असावे आणि त्याला सवय समजली असावी. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्यांची सवय खरोखरच लागते, म्हणून तुझ्या चिठ्ठीवर दुसरी एखादी गोळी असेल तर ती किती दिवस घ्यायची, हे पुढच्या भेटीत विचारून घे. परीक्षेच्या जागरणात गोळी चुकू नये म्हणून रोज एकाच वेळी, जेवणाशी जोडून घेत जा.

नोंदीबद्दल सांगायचे तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधील कलम २३ नुसार तुझ्या आजाराची आणि उपचाराची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे. रुग्णालयातले कागद कॉलेजला किंवा कंपनीला परस्पर जात नाहीत. ज्या थोड्या नोकऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत पूर्वीच्या आजारांविषयी थेट विचारले जाते, तिथे खरे सांगावे आणि आपण उपचार पूर्ण केल्याचे डॉक्टरांचे पत्र जोडावे. याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच आरोग्य विम्यात सामावून घ्यायचे आहे, तेव्हा घरच्या पॉलिसीत तुझे नाव असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी अटी वडिलांना नीट वाचायला सांग. बांबोळीची पुढची तारीख मात्र बरे वाटते म्हणून चुकवू नकोस.